पहिल्या टप्प्याची सही

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी आमचा एक जुना विद्यार्थी दारात येऊन उभा राहिला. हातात रुग्णालयाची जाडजूड फाइल. आता तो तिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप; पण वर्गाच्या दारात उभा राहावा तसाच घुटमळत होता. "सर, सलाम. एक काम होतं. मुंबईपर्यंत यावं लागेल."

त्याचे वडील म्हणजे आमच्या गल्लीतले चाचा. सारे आयुष्य सोलापुरात चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर गेले. दोन वर्षांपूर्वी त्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झाले, केमो झाली, सहा-आठ महिने बरे गेले आणि मग आजार यकृतात उतरला. पुन्हा एक केमो, मग दुसरी, मग गोळ्या. आता मुंबईचे डॉक्टर म्हणाले होते की नेहमीची औषधे संपली. एक नवे औषध आहे, त्याची पहिल्या टप्प्याची चाचणी सुरू आहे, हवे तर विचार करा. चाचांना लिहिता-वाचता येत नाही. अशा वेळी संमतीपत्र वाचून दाखवताना एक निष्पक्ष साक्षीदार हजर असावा लागतो. तो चाचणी करणाऱ्यांपैकी नको आणि घरचाही नको, असे रुग्णालयाने सांगितले होते. घरच्यांना आम्ही आठवलो.

"एकदम नवं औषध आहे सर. पैसेपण लागत नाहीत. आता अब्बा बरे होतील."

फाइल आमच्याकडे ठेवून तो गेला. संमतीपत्र मराठीत होते, बावीस पानांचे. आम्ही ते त्या रात्री दोनदा वाचले. त्याच्या बोलण्यातल्या पहिल्या दोन गोष्टी त्यात होत्या. औषध नवे होते, पैसे लागत नव्हते. तिसरी गोष्ट बावीस पानांत कुठेही नव्हती. या महिन्याचे आमचे पान त्याविषयी आहे, कारण अशी फाइल उद्या आपल्यापैकी कोणाच्याही घरी येऊ शकते.

औषध बाजारात येण्याआधी त्याच्या माणसांवर चाचण्या होतात आणि त्यांचे टप्पे असतात. तिसऱ्या टप्प्यात शेकडो रुग्ण असतात आणि सवाल असतो, हे औषध आजच्या औषधापेक्षा चांगले आहे का? दुसऱ्या टप्प्यात सवाल असतो, या आजारावर ते काही काम करते का? पहिल्या टप्प्याचा मुख्य सवाल याहून वेगळा असतो. माणसाच्या शरीराला या औषधाचा किती डोस झेपतो? बस्स. इतर आजारांच्या औषधांत हा टप्पा बहुतेक वेळा निरोगी माणसांवर होतो. कॅन्सरची औषधे पुष्कळदा इतकी जहाल असतात की निरोगी माणसाला ती देणे बरोबर नाही, म्हणून इथे ज्यांचे नेहमीचे उपचार संपले आहेत अशा रुग्णांना विचारतात.

डोस ठरवतात कसा, हे वाचताना आमच्यातला गणिताचा मास्तर जागा झाला. औषध आधी उंदरांसारख्या प्राण्यांना देतात. ज्या डोसला दहातला एक उंदीर गंभीर आजारी पडतो किंवा मरतो, त्याच्या दहाव्या भागापासून माणसांची सुरुवात करण्याची जुनी रीत आहे. मग जिना सुरू होतो. पहिल्या पायरीवर तीन रुग्ण. तिघांनाही ठरलेल्या दिवसांत गंभीर त्रास झाला नाही, तर पुढचे तीन रुग्ण वरच्या पायरीवर, म्हणजे जास्त डोसवर. तिघांत एकाला त्रास झाला, तर त्याच पायरीवर आणखी तीन. दोघांना किंवा जास्त जणांना झाला, तर जिना तिथेच थांबतो आणि खालची पायरी पुढच्या टप्प्यासाठी धरतात. आता काही ठिकाणी याहून हुशार पद्धती आल्या आहेत, पण चाचांच्या फाइलीत हाच जिना होता.

वाचकहो, इथे जरा थांबा. या जिन्यात एक गोष्ट दडलेली आहे, जी आमच्या विद्यार्थ्याला कोणी नीट समजावली नव्हती. खालच्या पायरीवर गेलेल्या रुग्णाला त्रासाचा धोका कमी असतो, पण डोस इतका थोडा असतो की औषध लागू पडण्याची शक्यताही कमी. वरच्या पायरीवर दोन्ही वाढतात. आपण कोणत्या पायरीवर जाणार हे आपण ठरवत नाही, डॉक्टरही आपला चेहरा पाहून ठरवत नाहीत. जी पायरी त्या महिन्यात उघडी असेल ती. आणि एकदा खालच्या पायरीवर सुरुवात झाली की त्याच रुग्णाला पुढे वरच्या डोसवर नेतीलच असे नाही. नेहमीच्या उपचारात डॉक्टर विचारतात, या माणसाला काय सोसते, काय लागू पडते. चाचणीत कागदावरचा नियम आधी आणि माणूस त्या नियमात. याचा अर्थ डॉक्टर निर्दयी असतात असा मुळीच नाही. पण रुग्णाला आणि घरच्यांना ही चाचणी म्हणजे आपल्यासाठीच आखलेला उपचार वाटतो. पॉल अ‍ॅपलबॉम नावाच्या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात या गैरसमजाला नाव दिले आणि त्यावर लिहिले. म्हणजे ही चूक फक्त आपल्याच गल्लीतली नाही. शिकलेल्या लोकांच्या देशातही तीच.

मग फायदा होतो तरी किती जणांना? अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या आश्रयाने १९९१ ते २००२ या काळात झालेल्या ४६० पहिल्या टप्प्याच्या चाचण्यांचा हिशेब २००५ साली छापून आला. जवळजवळ १२ हजार रुग्ण होते. त्यात १०० पैकी साधारण ११ जणांची गाठ ठरलेल्या मापाने लहान झाली किंवा दिसेनाशी झाली. औषधाच्या त्रासामुळे दगावले ते २०० मध्ये साधारण एक. पण त्या ४६० मध्ये जुन्या, पटलेल्या औषधांसोबत दिलेली औषधेही होती. केमोचे एकच नवे औषध एकटे तपासले, तिथे गाठ लहान होणारे १०० पैकी चार-पाचच. पुढे २००० ते २०१९ च्या चाचण्यांचा तसाच हिशेब २०२२ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात शेवटच्या काही वर्षांत हे प्रमाण १०० पैकी १८ पर्यंत गेलेले दिसते. म्हणजे काळ सुधारतो आहे. पण गाठ लहान होणे म्हणजे बरे होणे नव्हे. काही महिन्यांनी ती पुन्हा वाढू शकते, आणि बहुतेकदा वाढते.

आमच्या विद्यार्थ्याने मोबाइलवर एक बातमी दाखवली होती. पहिल्याच टप्प्यात सगळे रुग्ण सुधारले, अशी. असेही होते, नाही असे नाही. रक्ताच्या एका कॅन्सरवर, ज्याला सीएमएल म्हणतात, इमॅटिनिब नावाची गोळी आहे. तिची पहिल्या टप्प्याची चाचणी १९९८ साली अमेरिकेत डॉ. ब्रायन ड्रकर यांनी सुरू केली. दिवसाला ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त डोस मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्ताचे आकडे पूर्ववत झाले. २००१ साली ती गोळी बाजारातही आली. आज आपल्या गावात कोणी सीएमएलचा रुग्ण वर्षानुवर्षे कामधंदा करताना दिसतो, तो याच गोळीवर किंवा तिच्या बहिणींवर.

आपल्या जवळचेही एक उदाहरण आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून सीएआर-टी नावाचा उपचार तयार केला. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात कॅन्सरची पेशी ओळखण्याची सोय करायची आणि त्या त्याच रुग्णाला परत द्यायच्या. पहिल्या रुग्णाला त्या ४ जून २०२१ रोजी टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रात दिल्या गेल्या. पहिल्या टप्प्यात अवघे १४ रुग्ण होते, दुसऱ्यात ५०. ज्यांचा परिणाम मोजता आला त्यांच्यात १०० पैकी ७३ जणांना गुण आला, आणि उपचारामुळे काही मृत्यूही झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी मंजुरी मिळाली.

ही दोन्ही उदाहरणे आम्ही त्याला सांगितली आणि लगेच हेही सांगितले की दोन्ही आजार रक्तपेशींचे, आणि दोन्हीकडे औषधाने नेमके कुठे वार करायचा हे आधीच माहीत होते. चाचांच्या औषधाबाबत डॉक्टरांना विचारायचा पहिला सवाल हाच, की हे औषध ज्या खुणेवर काम करते ती खूण आमच्या माणसाच्या गाठीत आहे का? तपासली आहे का? बातमीत आलेल्या एका औषधामागे न आलेली कितीतरी असतात. त्यांची कुठे बातमी होत नाही.

आम्ही रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघालो. चाचा खालच्या बाकावर झोपले होते. कुर्डुवाडी गेल्यावर मुलगा हळूच म्हणाला, "सर, एक रिक्वेस्ट आहे. यकृतात पसरलंय, औषधं संपलीत, ते तेवढं वाचू नका. अब्बांना आम्ही सांगितलंय की ऑपरेशननं सगळं निघालं, आता फक्त ताकदीची ट्रीटमेंट आहे."

खरे सांगायचे तर आम्हाला त्याचा राग आला नाही. आमच्या स्वतःच्या घरीही आम्ही हेच केले होते, आमच्या अम्मीच्या बाबतीत, आणि तेव्हा ते आम्हाला फार शहाणपणाचे वाटले होते. पण साक्षीदाराची सही म्हणजे काय? तर या माणसाला सगळे सांगितले गेले, त्याला ते समजले आणि त्याने आपल्या मर्जीने हो म्हटले, याची ग्वाही. अर्धे वाचून ती सही केली तर ती खोटी साक्ष. आम्ही त्याला तसे सांगितले. तो खिडकीकडे तोंड करून बसला. पुण्यापर्यंत बोलला नाही.

रुग्णालयात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. टेबलावर छोटा कॅमेरा लावला होता. गरीब, निरक्षर अशा, म्हणजे ज्यांच्यावर सहज दबाव येऊ शकतो अशा माणसांना नव्या औषधाच्या चाचणीत घेताना संमतीचे चित्रीकरण करावे लागते, हा आपल्याकडचा कायदा आहे. २०१९ च्या नियमांतही तो आहे. बाईंनी आधी वाचायला घेतले नाही. त्यांनी चाचांना विचारले, "चाचा, तुम्हाला काय झालंय, तुम्हीच सांगा."

चाचा म्हणाले, "कॅन्सर था. काट के निकाल दिए."

मुलाने मान खाली घातली. बाईंनी खुर्ची जवळ घेतली आणि साध्या हिंदीत, घाई न करता सांगितले की तो परत आला आहे, यकृतात आहे, आणि त्याला पूर्ण घालवेल असे औषध आमच्याकडे नाही. चाचांनी पाणी मागितले. बराच वेळ ते ग्लास हातात धरून बसले. मग आमच्याकडे वळले. "मास्टर, तुमने पढे ना कागज? ये दवा मेरे वास्ते है, की दूसरों के वास्ते?"

बावीस पानांचा याहून नेमका सारांश आम्हाला जमला नसता. उत्तर बाईंनी दिले. "ज्यादातर दूसरों के वास्ते, चाचा. आपको फायदा हुआ तो हमको खुशी होगी, पर वादा नहीं कर सकते."

त्या दिवशी सही झाली नाही. बाईंनीच सांगितले की आज घरी जा, विचार करा. आम्ही कुर्ल्याला चाचांच्या भाच्याकडे उतरलो. रात्री जेवणानंतर चाचांनी मुलाला फक्त एवढेच विचारले, "मेरेकु कायकु नै बोले?" आणि उत्तराची वाट न पाहता दुसऱ्या सवालांवर आले. ते सवाल एका कारागिराचे होते. किती खेपा? किती वेळ? किती सुया? आम्ही पाने उलटून सांगत गेलो. पहिल्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत रुग्णालयात, दर काही तासांनी रक्त. पहिला महिना दर आठवड्याला तपासणी, म्हणजे मुंबईतच मुक्काम. दर दोन महिन्यांनी स्कॅन. एकदा सुईने यकृताचा तुकडा. त्याआधी तपासण्या, आणि त्यात यकृताचे आकडे बसले नाहीत तर सही करूनही प्रवेश नाही. औषध, तपासण्या फुकट. येण्या-जाण्याचा खर्च चाचणी करणारी कंपनी देणार, पण बिले जमा केल्यावर. ज्याच्यापाशी मोजके महिने आहेत त्याच्यासाठी हा हिशेब पैशांचा कमी आणि दिवसांचा जास्त असतो. किती दिवस आपल्या घरात, किती दिवस दुसऱ्याच्या घरात. फाइल वाचताना हे पान लोक उलटून पुढे जातात. ते सगळ्यात सावकाश वाचावे.

चाचांनी विचारले, मध्येच सोडले तर? कधीही सोडता येते, कारण न देता, आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारात फरक करता येत नाही. औषधाने अपाय झाला तर? त्याचा उपचार मोफत, आणि चाचणीमुळे इजा किंवा मृत्यू झाला तर नुकसानभरपाई. संमतीपत्राची एक प्रत आपल्याला मिळालीच पाहिजे, आणि त्यावर नीतिमत्ता समितीचा फोन नंबर असतो. त्या समितीत डॉक्टरांखेरीज कायद्याचा जाणकार आणि एखादा साधा नागरिकही बसतो. चाचणी खरी आहे का हे पाहायचे असेल तर सरकारी नोंदवहीत तिचा क्रमांक शोधता येतो. भारतात २००९ पासून चाचणी सुरू करण्याआधी ही नोंद सक्तीची आहे. आणि चाचणीच्या नव्या औषधाचे पैसे कोणी मागत असेल तर तिथे हात आखडता घ्या. कॅन्सरच्या घरात आशा विकणारे पुष्कळ येतात, कोणी इंजेक्शन घेऊन, कोणी काढा घेऊन.

आणखी एक गोष्ट आम्ही डॉक्टरबाईंना दुसऱ्या दिवशी विचारली, जी फाइलीत नव्हती. चाचणीत गेले नाहीत तर काय? त्यांनी वेदनाशामक विभागाचा रस्ता दाखवला. तिथे दुखणे, मळमळ, झोप, घरच्यांची घालमेल हेच पाहतात. आपल्याकडे लोकांना वाटते, तिथे पाठवले म्हणजे सोडून दिले. २०१० साली बोस्टनच्या डॉक्टरांनी फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांचा अभ्यास छापला. ज्यांना सुरुवातीपासून नेहमीच्या उपचारासोबत ही सेवा मिळाली, त्यांचे दिवस बरे तर गेलेच, पण ते जगलेही थोडे जास्त, सरासरी पावणेनऊ-नऊ महिन्यांऐवजी साडेअकरा. आणि दोन्हींतून एकच निवडायचे असे नसते. चाचणीत असतानाही दुखण्याची गोळी घेता येते. कोणती चालते तेवढे विचारून घ्यावे.

चाचांनी तिसऱ्या दिवशी अंगठा दिला. आम्ही खाली सही केली, तारीख आणि वेळ घातली. का हो म्हणालात, असे आम्ही विचारले नाही. त्यांनीच रिक्षात सांगितले की कारखान्यात नवा माग आला की पहिला ताणा नेहमी त्यांना लावायला देत. बिघडला तर मालक बोलत नसे. एक अट मात्र त्यांनी बाईंना कॅमेऱ्यासमोर सांगितली होती, ईदला मी सोलापुरात असणार. बाईंनी तारखा पाहून ते जमवले.

१९४७ च्या अखेरीस बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना एक नवे औषध दिले. ते औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झाले, तिथले संशोधनप्रमुख आपल्या आंध्रातले येल्लाप्रगडा सुब्बाराव. १६ मुलांपैकी १० मुले काही काळ सुधारली, पण तो गुण टिकला नाही. आज त्याच आजाराची बहुतेक मुले चांगल्या रुग्णालयात बरी होतात. आम्ही हे चाचांना तेव्हा सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तर चांगले झाले असते की दडपण आले असते, हे आजही ठरवता येत नाही.

चाचा दुसऱ्या पायरीवर होते. उलट्या झाल्या, हातापायाची साल गेली, पण गंभीर त्रास झाला नाही. ईद घरी झाली. दोन महिन्यांच्या स्कॅनमध्ये गाठी वाढलेल्या दिसल्या आणि नियमाप्रमाणे औषध बंद झाले. आता ते सोलापुरात आहेत, मॉर्फिनच्या गोळीवर, दुपारी ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. मुलगा त्यांच्याशी आजाराबद्दल उघड बोलतो. कारखान्याची थकलेली रक्कम, घराचे कागद, धाकटीचे लग्न, सगळे बोलून झाले आहे. प्रवासखर्चाची शेवटची बिले मात्र अजून अडकली आहेत. परवा तो पुन्हा आला होता, इंग्रजीत अर्ज लिहून घ्यायला. आम्ही लिहून दिला.